म्हातारा सापडला का?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. ती रास्तच होती. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो, आणि माणसाने आपल्या कामाविषयीच बोलावे असा रिवाज आहे. पण त्या विषयावर मी रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या फाटकासमोर बोलतच असतो. आज आपल्या परवानगीने थोडी वाट सोडून बोलणार आहे. तरुणपणी एका रात्री अर्धवट पाहिलेली एक अमेरिकन व्हिडिओ कॅसेट, आणि ती शोधून काढायला मला लागलेली चौतीस वर्षे, हा आजचा माझा विषय.

विषय ऐकून कुणाला हसू आले तर माझी तक्रार नाही. मी स्वतःही पुष्कळ वर्षे हसण्यावारीच नेला. त्याची किंमत काय पडली, ते शेवटी सांगेन.

माझा जन्म मुंबईत माझगावचा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक माझे वडील. ते परत आत गेले नाहीत, आणि मी नववीनंतर शाळेत गेलो नाही. दारूखान्यात, म्हणजे रे रोडच्या भंगारबाजारात, एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. माझ्याबरोबर आमच्याच चाळीतला एक मुलगा लागला. तो माझा मित्र. आज मी त्याला मित्र एवढेच म्हणणार आहे. त्याला स्वतःचे नाव चारचौघांत निघालेले आवडत नसे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत; पण हट्ट कसा धरावा हे मी त्या मुलाकडून शिकलो.

१९८८ चा गणेशोत्सव. त्या काळी चाळीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणीत, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. एका रात्रीत तीन सिनेमे. सकाळी सहाला भाडेवाल्याचा पोरगा यंत्र उचलायला हजर. त्या रात्री तिसरा सिनेमा पहाटे साडेचारला संपला. बायकामाणसे उठून गेली होती, लहान मुले जागच्या जागी झोपली होती. तेव्हा आमच्या मजल्यावरचे खलाशीकाका घरातून एक कॅसेट घेऊन आले. ते बोटीवर कामाला होते. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात कुणी त्यांना ती दिली होती, आणि घरी यंत्र नसल्यामुळे त्यांनी ती कधी लावूनच पाहिली नव्हती.

कॅसेट लावली. चित्र एकसारखे वर सरकत होते, आणि त्याला रंग नव्हता. त्याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. अमेरिकेत दूरचित्रवाणीची एनटीएससी नावाची पद्धत होती, आपल्याकडे पाल. त्यांचे चित्र ५२५ रेषांचे आणि सेकंदाला तीस चौकटींचे, आपले ६२५ रेषांचे आणि पंचवीस चौकटींचे. एकाची फीत दुसऱ्याच्या यंत्रात घातली की असा गोंधळ व्हायचा. आम्हाला हे कुठले ठाऊक? आम्ही दोघे टीव्हीच्या पुढ्यात बसून सरकत्या चित्रामागे डोळे सरकवीत राहिलो.

काय पाहिले? पाच पोरे. प्रत्येकाजवळ एक फळी, फळीखाली चार लहान चाके. फळीवर उभे राहून ती पोरे गावच्या गाव उतरत होती. एक शहर होते, त्याचे रस्ते जिन्यासारखे चढलेले. एक कोरडा सिमेंटचा नाला होता, त्याच्या भिंतींवर ती चढत आणि परत खाली येत. इंग्रजी आम्हाला येत नव्हते. एक शब्द मात्र पुन्हापुन्हा कानी पडे, 'चिन'. मी म्हणालो, पोरे चीन देशाला निघालीत. मित्र म्हणाला, खुळा आहेस, ते कुणाला तरी शोधतायत. खलाशीकाकांना बोटीवरचे इंग्रजी येत असे, त्यांनी सांगितले, "अरे, कुणी म्हातारा हरवलाय. ह्या फळीवाल्यांचा गुरू आहे म्हणतात. त्याला हुडकतायत."

शेवटी ती पाच पोरे एका ओसाड जागी पोहोचली. तिथे लाकडाचे एक प्रचंड बांधकाम उभे होते. भला मोठा पिंप आडवा कापून त्याचे दोन अर्धे एकमेकांना पाठ लावून ठेवावेत, तसे. पोरे त्यावर झेपावली, आणि तेवढ्यात सहा वाजले. भाडेवाल्याच्या पोराने कॅसेट बाहेर काढली आणि वायर गुंडाळली. आम्ही हातापाया पडलो, पण त्याला दुसरीकडे पोहोचायचे होते.

तेव्हा म्हातारा सापडला की नाही, हे आम्हाला कळले नाही. मित्र म्हणाला, सापडला असणार. एवढी मेहनत फुकट जाणार नाही. मी म्हणालो, नसेल सापडला. घरी संपाचे सातवे वर्ष चालू असलेला मुलगा दुसरे काय म्हणणार? पंचवीस वडापावांची पैज लागली.

पुढच्या रविवारी आम्ही फळी केली. मालाच्या खोक्याची फळी, दोन आडव्या लाकडी दांड्या आणि दारूखान्याच्या भंगारातली चार बेअरिंगे. बेअरिंगची गाडी आपल्याकडची पोरे तशीही करीत. पण तिच्यावर बसायचे असते, आणि आम्हाला उभे राहायचे होते. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वर भंडारवाड्याची टेकडी आहे. माथ्यावर पाण्याचा जलाशय, आणि त्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. बॅप्टिस्टा हे टिळकांचे सहकारी, १९२५ साली मुंबईचे महापौर, आणि या देशातल्या पहिल्या कामगार पुढाऱ्यांपैकी एक. ज्यांच्या नावाच्या बागेखाली मी आपटत होतो ते कोण, हे मला दहा वर्षांनी समजले. लोखंडी बेअरिंग डांबरावर धरत नाही, घसरते. मी तीन वेळा पडलो आणि फळी ठेवून दिली. मित्र महिनाभर पडत राहिला. हनुवटीला चार टाके पडले, त्याच्या आईने फळी चुलीत घातली, तेव्हा थांबला. पण त्याआधी एकदा तो तिठ्यापर्यंत उभाच्या उभा उतरला होता. मी साक्षीदार आहे.

आता शोधाकडे येतो. मी काही रोज उठून शोधीत नव्हतो. पोट होते, संघटना होती. पण व्हिडिओ लायब्ररी दिसली की विचारायचे, असा आम्हा दोघांचा नेम होता. आणि विचारताना आम्ही जे सांगत होतो त्यातले निम्मे चूक होते. 'काळापांढरा सिनेमा' म्हणायचो, म्हणून दुकानदार जुन्या काळाकडे बोट दाखवीत. 'चीन' म्हणायचो, म्हणून कुंगफूच्या कॅसेटी पुढे करीत. दोन सिनेमे असे मिळाले की वाटले, हेच ते! एक १९८६ चा 'थ्रॅशिन', दुसरा १९८९ चा 'ग्लीमिंग द क्यूब'. दोन्हींत फळीवाली पोरे होती. पण ते रीतसर सिनेमे. नायक, नायिका, खलनायक. आमच्या कॅसेटीत तसले काही नव्हते.

१९९६ साली रत्नागिरीकडे संघटनेच्या कामाला गेलो असता वाट वाकडी करून खलाशीकाकांच्या गावी गेलो. ते निवृत्त झाले होते. कॅसेट त्यांनी जपून ठेवली होती! मी आनंदाने उठलोच. पण हातात घेऊन पाहतो तो तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली. ज्यांनी त्या काळी कॅसेटी वापरल्या त्यांना याचा अर्थ कळेल. खाच बुजवली की विकतच्या फितीवरही नवे चित्र घेता येई. काकांनी तिच्यावर मुलीचे लग्न उतरवून घेतले होते. मी सबंध लग्न बसून पाहिले, न जाणो शेवटी जुने काही उरले असेल. फीत तोकडी असल्यामुळे पहिल्या पंगतीतच लग्न संपले. काकूंनी चहा दिला, मी परत आलो.

मित्राला हे सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, "म्हणजे म्हातारा वऱ्हाडात गेला!"

२००४ साली एका कारखान्यात कंत्राटी कामावर असताना प्रेसखाली त्याची तीन बोटे गेली. भरपाईचे प्रकरण मीच लढवले. चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत दर तारखेला कोर्टाच्या बाकावर बसून आम्ही दोन गोष्टींबद्दल बोलत असू, निकाल आणि तो म्हातारा. निकाल लागला. म्हातारा राहिला. तोवर इंटरनेट आले होते, शोधणे सोपे झाले होते. तो म्हणायचा, "एकदा नीट बसून हुडकू या रे." मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात." अशी मी त्याला अकरा वर्षे तारीख दिली. २०१९ साली तो आजारपणात गेला.

मित्रहो, शेकडो माणसांचे दावे मी मुदतीत दाखल केले. कागद हरवू दिला नाही, तारीख चुकवली नाही. हे एवढेसे प्रकरण मात्र माझ्या दप्तरात प्रलंबित राहिले, कारण ते महत्त्वाचे नाही असे मी ठरवून टाकले होते.

२०२२ साली नवी मुंबईत घरोघर खाण्याची पार्सले पोहोचवणाऱ्या मुलांची आम्ही एक सभा घेतली. एक मुलगा पाठीवर स्केटबोर्ड अडकवून आला होता. सभा संपल्यावर मी त्याला बाजूला घेतले. साक्षीदाराची तपासणी करावी तसे त्यानेच मला प्रश्न विचारले. पोरे किती? पाच. रस्ते कसे? जिन्यासारखे. शेवटी काय? लाकडी बांधकाम. मी म्हणालो, "ते चीनला निघाले होते, किंवा चीन नावाच्या म्हाताऱ्याला शोधत होते." तो मुलगा हसू लागला. "काका, तुम्ही 'ॲनिमल चिन' पाहिलाय! चीन नव्हे, चिन. आणि तो रंगीत आहे." मी विचारले, "म्हातारा सापडतो का?" तो म्हणाला, "ते तुम्हीच बघा."

तर तो हा 'द सर्च फॉर ॲनिमल चिन'. साल १९८७. दिग्दर्शक स्टेसी पेराल्टा. त्यातली पाच पोरे म्हणजे टोनी हॉक, स्टीव्ह कॅबलेरो, माइक मॅगिल, लान्स माउंटन आणि टॉमी ग्युरेरो. जिन्यासारखे रस्ते सॅन फ्रान्सिस्कोचे. सिमेंटचा नाला हवाई बेटांवरचा. मग मी त्या खेळाचा इतिहासच वाचून काढला, आणि तो वाचताना मला आमच्या दारूखान्याची आठवण होत राहिली.

हा खेळ कॅलिफोर्नियात लाटांवर फळीने स्वार होणाऱ्या पोरांनी १९५० नंतरच्या दशकात रस्त्यावर आणला. चाके तेव्हा लोखंडाची किंवा मातीची. आमच्या बेअरिंगांसारखीच घसरणारी. १९७३ च्या सुमारास युरेथेन नावाच्या प्लास्टिकची चाके आली, ती जमिनीला धरून राहू लागली, आणि खेळाचे रूप पालटले. १९७६ आणि १९७७ साली कॅलिफोर्नियात अवर्षण पडले. श्रीमंतांच्या बंगल्यांतले पोहण्याचे तलाव कोरडे पडले. गरीब वस्त्यांतली पोरे कुंपणावरून उड्या टाकून त्या रिकाम्या तलावांत खेळू लागली. मालक येईपर्यंत, पोलीस येईपर्यंत. पुढे पैसे घेऊन खेळू देणारी मैदाने झाली. पण अपघातांचा विमा परवडेना म्हणून त्यांतली बहुतेक बंद पडली. तेव्हा पोरांनी परसातच लाकडी उतार ठोकले. पेराल्टा हा स्वतः सांता मोनिकाच्या अशा पोरांपैकीच एक. १९७८ साली जॉर्ज पॉवेल नावाच्या इंजिनिअरबरोबर त्याने फळ्या बनवण्याची कंपनी काढली. घरोघर व्हीसीआर आले तेव्हा, १९८४ साली, त्यांनी आपल्या चमूची पहिली कॅसेट काढली. या कॅसेटी चित्रगृहात लागल्या नाहीत. फळ्यांच्या दुकानांत त्या विकल्या जात, आणि एकीवरून दुसरी उतरवून हातोहात फिरत. तशीच हिंडत एक माझगावला आली.

आता कामगार कार्यकर्त्याची खोड म्हणून दोन गोष्टी बोलतो. पहिली अशी की, या कॅसेटीचे सूत्र काय, तर धंदा आणि प्रसिद्धी वाढली, खेळातला आनंद हरवला, म्हणून जुना गुरू नाहीसा झाला. आणि हे सांगणारी कॅसेट कोणी काढली? फळ्या विकणाऱ्या कंपनीने! खेळाडूंच्या नावाने फळ्या निघत, आणि विकलेल्या फळीमागे खेळाडूला काही वाटा मिळे. म्हणजे ती जाहिरातच होती. पूर्वेकडच्या गूढ म्हाताऱ्याची ती थट्टेखोर कल्पनाही आज थोडी खटकते. हे सगळे मान्य करूनही सांगतो, त्या पोरांचा आनंद विकाऊ नव्हता. तो खोटा असता तर रंग गेलेल्या, सरकत्या चित्रातून आमच्यापर्यंत पोहोचलाच नसता.

दुसरी गोष्ट त्या लाकडी बांधकामाची. कथेत ते पोरांना ओसाड रानात आयते सापडते, जणू म्हाताऱ्याने त्यांच्यासाठी ठेवले आहे. प्रत्यक्षात ते टिम पेन नावाच्या कारागिराच्या हातचे काम. असले उतार बांधणे हाच त्याचा पेशा. चित्रण झाल्यावर ते पाडून टाकले. गुरू कधी नव्हताच. सुतार मात्र होता. मी कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, मला हे कळल्यावर बरे वाटले.

आणि पुढची हकीकत ऐका. २०१६ साली, सुमारे तीस वर्षांनी, कॅलिफोर्नियातच टेहाचापी येथे तेच बांधकाम नव्याने उभे केले. जुन्या कॅसेटीच्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. चौघेजण एकाच वेळी एका हातावर उलटे, कडेवर तोललेले. हॉक, कॅबलेरो, मॅगिल आणि माउंटन त्या नव्या कडेवर पुन्हा तसेच उलटे झाले. हॉक अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, बाकीच्यांनी पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे माझ्याच पिढीचे लोक. ते छायाचित्र मी पुष्कळ वेळ पाहत बसलो. त्यांना एकमेकांना बोलावता आले, आणि चौघेही आले. मला ज्याला बोलवायचे होते तो तीन वर्षांपूर्वी गेला होता.

आणखी एक विचार तेव्हा मनात आला. त्या पोरांच्या चार घटकांच्या खेळाची फीत राहिली, ते बांधकाम पुन्हा उभे करण्याइतक्या खुणा राहिल्या. माझे वडील ज्या खात्यात वीस वर्षे उभे राहिले त्या खात्यातल्या माणसांचा एकही फोटो आमच्या घरी नाही. मित्र टेकडीवरून उभा उतरला त्याचा पुरावा काय, तर माझी जीभ. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फाटकसभेचे फोटो काढून, नावे आणि तारीख घालून ठेवण्याचा मी नियम केला आहे. आपणही घरातल्या वृद्ध माणसांचे बोलणे उतरवून ठेवा. यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि भाडेवाल्याचा पोरगा सहाला यायचा नाही.

आता शेवट. कॅसेटीचा शेवट मी एकट्याने पाहिला नाही. मित्राच्या घरी गेलो. वहिनी होत्या, मुलगा होता; तो आता रेल्वेत आहे. त्याच्या टीव्हीवर लावली. त्या रात्री मी जे काळेपांढरे पाहिले होते ते सगळे रंगीत होते, आकाश निळेशार. वहिनी म्हणाल्या, "ह्याच्यासाठीच का हो हनुवटी फोडून घेतली होती ह्यांनी?" मी म्हणालो, "ह्याच्यासाठीच." आणि तुम्ही कधी पाहिला नसेल तो टेकडीवरचा उतार मी त्या दोघांना पहिल्यापासून सांगितला. मुलाला तो ठाऊक नव्हता. बापाने कधी सांगितलाच नव्हता.

म्हातारा सापडला का? नाही, सापडला नाही. पोरे त्या लाकडी उतारांवर मनसोक्त खेळतात, आणि त्यांच्या लक्षात येते की जोवर आपण त्याला शोधतो आहोत तोवर तो आपल्याला सापडलेलाच आहे. अशा अर्थाचे बोलून कॅसेट संपते.

मुलाने विचारले, "काका, मग पैज कोण हरले?"

कायद्याने पाहिले तर मी जिंकलो होतो; म्हातारा मिळाला नव्हता. पण मी थोडा विचार केला. मी म्हणालो होतो 'नसेल सापडला', आणि तेवढ्यावर शोध पुढच्या महिन्यावर ढकलीत गेलो. तो म्हणाला होता 'सापडला असणार', आणि शेवटपर्यंत विचारीत राहिला. मी म्हणालो, "बाळा, मी हरलो." खाली जाऊन पंचवीस वडापाव आणले. तिघांत काही ते संपले नाहीत. मग मजल्यावरच्या मुलांना वाटले.

मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या मनात असे एखादे अर्धे पाहिलेले, अर्धे आठवणारे काही असते. एखादे गाणे, एखादा मास्तर, कुठल्याशा गावची एक संध्याकाळ. ते शोधायला निघालात तर आपल्या आठवणीतले निम्मे चूक होते असे कळेल. त्याला भिऊ नका. पण ज्याच्याबरोबर ते पाहिले तो माणूस आहे तोवर निघा. त्याला पुढच्या महिन्याची तारीख देऊ नका.